शेवटची वीत

रंगमंचावर मी जितक्या वेळा मेले, तितक्या वेळा मला झाकलं ते टेकूनं. राणी होऊन मेले, भिकारीण होऊन मेले, एका नाटकात तर मी नुसती शेजारीण होते तरी लेखकानं शेवटच्या अंकात मला मारलंच. दर वेळी फळ्यांवर आडवं पडायचं, टाळ्या ऐकायच्या, श्वास दाबून धरायचा आणि डाव्या विंगेतून येणाऱ्या एका हलक्या शब्दाची वाट पाहायची. "टेकला." तो आला की उठायचं, कपडे झटकायचे आणि पुन्हा जिवंत व्हायचं.

टेकू आमच्या नाटक कंपनीचा पडदेवाला. त्या शब्दावरूनच त्याचं नाव पडलं. खरं नाव त्याच्या आईनंतर कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. बुटका, रुंद खांद्यांचा, मानेला किंचित पोक. दोरी ओढून ओढून तळहात असे झाले होते की हात मिळवला तर वाटायचं, चामड्याच्या पट्ट्याशी मिळवलाय.

इतर थिएटरांतले पडदेवाले पडदा जमिनीपासून वीतभर वरच सोडून द्यायचे. पडदा जड असतो, खाली आपटला की धूळ उडते, कशाला उगीच त्रास? पण त्या वीतभर फटीतून आमचे पाय दिसायचे. नुकताच धारातीर्थी पडलेला सेनापती पिंढरी खाजवताना दिसला की तीन अंकांची मेहनत पाण्यात. टेकूच्या हातचा पडदा मात्र शेवटच्या वितीला मंदावायचा, काठ फळीला लागायचा, टेकू वाकून त्यावर हात ठेवायचा आणि मगच शब्द उच्चारायचा. अर्ध्यावर राहिलेल्या पडद्याला तो 'उघडा पडलेला माणूस' म्हणायचा. एकदा दोरी चाकात अडकली आणि पडदा मध्येच लटकला. आमचे महाराज मरून पडलेले, उठावं तर पंचाईत, पडून राहावं तर नाकात धूळ. तेव्हा हा पठ्ठ्या विंगेतून पोटावर सरपटत आला, पडद्याच्या काठाला दोन्ही हातांनी लोंबकळला आणि स्वतःच्या वजनानं त्याला खाली घेऊन आला. प्रेक्षकांनी महाराजांपेक्षा त्याला जास्त टाळ्या दिल्या. महाराज आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हते.

त्याच विंगेत एका तिपाईवर आमची प्रॉम्प्टर बसायची. तिला आम्ही 'कुजबूज' म्हणायचो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू न जाता माझ्या कानात बरोबर पोचेल एवढाच आवाज ती काढायची. कसा ते मला कधी कळलं नाही. उजव्या हातात संहिता, आणि डाव्या हाताचा अंगठा मोकळा. अंगठा खाली वळला की टेकूनं पडदा सोडायचा. ही त्यांची खूण. दिवे, घंटा, आरडाओरडा, कशालाही टेकू जुमानायचा नाही, फक्त तो अंगठा.

एका प्रयोगात आमच्या नायकाला भर प्रवेशात काही म्हणजे काही आठवेना. घाम फुटला, ओठ थरथरायला लागले, तो खाली कोसळतो की काय असं मला समोर उभी असताना वाटलं. विंगेत सगळे दातओठ खाऊन म्हणत होते, "पाड रे, पाड! अब्रू जाईल!" व्यवस्थापकांनी तर टेकूचा खांदा धरून हलवला. टेकू ढिम्म. त्याची नजर अंगठ्यावर, आणि अंगठा सरळ. कुजबूज शांतपणे तेच वाक्य पुन्हा पुन्हा नायकाकडे सोडत होती, एखाद्या लहान मुलाला भरवावं तसं. तिसऱ्या की चौथ्या घासाला नायकानं तोंड उघडलं. त्या रात्री त्यानं असं काम केलं की बघत राहावं. नंतर व्यवस्थापक तणतणत आले, तेव्हा टेकू एवढंच म्हणाला, "खूण नव्हती."

अशा दोघांचं लग्न होणारच होतं. संसार विंगेतच जमला होता, आम्ही फक्त हार घातले. आम्ही चिडवायचो की घरीसुद्धा तो अंगठा बघितल्याशिवाय पहिला घास घेत नाही. कुजबूज म्हणायची, "घेत नाहीच मुळी."

मग व्हायचं ते झालं. थिएटरच्या जागी लाकडी सामानाचं गोदाम आलं, कंपनीचे लोक वाटेल तिकडे पांगले. टेकू एका दुकानात घरोघरी पडदे लावून द्यायच्या कामाला लागला आणि म्हातारा होईपर्यंत तेच करत राहिला. मी त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या एक मजला खाली जागा घेतली. एकटी बाई, म्हातारपण, वर ओळखीची माणसं असलेली बरी. आमचं बरं चाललं होतं. कुजबुजेला झटका येईपर्यंत.

तिचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जिच्या जिभेवर अख्ख्या कंपनीची नाटकं होती, तिच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. राहिला तो डावा हात, त्यातही धड चालायचा तो अंगठाच. टेकूनं तिला पितळी घंटी आणून दिली. तिनं ती पलंगावरून ढकलून दिली. विंगेत ज्या बाईनं जन्मभर टाचणी पडू दिली नाही, ती घंटी बडवणार होती थोडीच.

तिची एक पुतणी लांबच्या शहरात असते. ती भेटायला आली आणि जाताना खिडकीला मोटरचा पडदा बसवून गेली. वर नळीत गुंडाळलेला जाड कापडी पडदा, नळीतच मोटर, मोटरजवळच चार्ज होणारी बॅटरी, आणि हातात मावेल असा रिमोट. वर, थांब, खाली. बटणं चांगली उठावदार, अंगठ्याला न बघता कळतील अशी. "आत्याला निदान उजेड तरी तिच्या मनासारखा घेऊ दे," असं पुतणी म्हणाली.

आत्यानं उजेडावर भागवलं नाही. त्या पडद्याची तिनं भाषा केली. थोडा खाली, थोडा वर, म्हणजे पाणी. मध्येच थांबवला म्हणजे मला दुसऱ्या कुशीवर वळवा. पूर्ण खाली म्हणजे पुरे, आता जा. ही भाषा तिनं आम्हाला कशी शिकवली विचारू नका. न समजणाऱ्या नटांना समजावण्यात तिची हयात गेली होती. एकदा टेकूचा मावसभाऊ आला आणि स्वतःच्या गुडघ्यांवर अखंड बोलत सुटला. त्याचं वाक्य अर्धवट असतानाच खिडकीत घरघर झाली आणि पडदा संथपणे, पार खालपर्यंत आला. मी तोंडावर पदर दाबला. टेकू सवयीनं उठला, काठावर हात ठेवला आणि म्हणाला, "टेकला." मावसभाऊ म्हणाला, "काय टेकलं?" टेकू म्हणाला, "तुझा अंक संपला. चहा घे आणि निघ."

त्या दिवसांत मी दुपारची वर गेले की आधी खिडकीकडे बघायची. पडदा हलला की कळायचं, बाईसाहेबांचा मूड कसा आहे ते. आम्ही तिघं पुन्हा एका विंगेत होतो. एवढंच की खूण आणि पडदा यांच्या मधला माणूस आता रिकामा झाला होता. टेकू ते बोलून दाखवायचा नाही. पण पडदा हलला की त्याच्या मुठी आपोआप आवळायच्या, आणि दोरी नाही हे लक्षात आलं की तो हात खिशात घालायचा.

हळूहळू बॅटरीनं दम सोडायला सुरुवात केली. पहिलं चार्जिंग कित्येक महिने पुरलं होतं. मग महिनाभर, मग आठवडा. एका संध्याकाळी पडदा खाली येता येता मध्येच बंद पडला. कुजबूज बटण दाबत राहिली. पाणी हवंय की कूस बदलायचीय की आम्ही जायला हवंय, काहीच कळेना. आम्ही दोघं एकेक विचारत होतो आणि ती अंगठ्यानं रिमोट दाबत होती, डोळ्यांतून पाणी. अखेर टेकूच्या लक्षात आलं, पायात पेटका आला होता.

दुसऱ्या सकाळी नर्सबाई आल्यावर तो नळी उतरवून खांद्यावर टाकून निघाला. मीही सोबत गेले, नाहीतर तो भांडून आला असता. दोन गल्ल्यांपलीकडे एक बाई मोटरी, खेळणी, मिक्सर असं सगळं दुरुस्त करते. तिला सगळे मोटरवाली म्हणतात. केसांत पेन्सिल खोचलेली, कपाळावर भिंग सरकवलेलं, आणि बोलणं असं की मला आमच्या कंपनीच्या खाष्ट सासूची आठवण व्हावी.

तिनं नळी उघडून बॅटरी बाहेर काढली. "काका, हिचा छळ केलाय तुम्ही. चार्ज कधी करता?"

"पूर्ण संपली की," टेकू ताठ मानेनं म्हणाला. "पार बंद पडेपर्यंत थांबतो. मग काठोकाठ भरतो. भरली तरी दिवसभर लावूनच ठेवतो."

"कुणी शिकवलं हे?"

"शिकवायला कशाला हवं? काम करावं तर पुरतं करावं. अर्धवट काही मला चालत नाही."

"हिला अर्धवटच आवडतं," मोटरवाली म्हणाली. "रिकामी होऊ द्यायची नाही, काठोकाठ भरायची नाही. थोडी उतरली की थोडी भरायची. आणि खिडकी कुठल्या बाजूला? पश्चिमेला. म्हणजे दुपारभर भट्टीत. तापलेली असताना चार्ज केलीत की आणखी मार खाते."

"मग नवीन टाक ना पोरी," मी म्हटलं.

"येत नाही आजी आता ही. कंपनीनं बंद केली. नवीन पडदा मिळेल, पण तो फोनवर चालतो. काचेवर बोट लावायचं."

टेकूनं माझ्याकडे पाहिलं. कुजबुजेच्या अंगठ्याला गुळगुळीत काच कळत नाही. पुतणीनं फोनवर एकदा प्रयत्न करून बघितला होता. अंगठा घसरत राहिला आणि शेवटी कुजबुजेनं फोन उलटा करून ठेवला.

"म्हणजे ही आहे तोवरच," टेकू म्हणाला.

"हो. पण सांभाळलीत तर बरेच दिवस जाईल." मोटरवालीनं पेन्सिल काढून टेबलावरच पडदा काढला. "हे बघा. पडदा पूर्ण सोडला की सगळं कापड लोंबतं. तिथून उचलताना मोटरला सगळं वजन ओढावं लागतं. म्हणून ही शेवटची वीत सगळ्यात महाग. खाली पार टेकवूच नका. वरच्या भागात खेळवा, निम्मं काम वाचेल. आणि जरा कमी वेळा हलवा."

टेकूनं त्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं. "टेकवायचाच नाही?"

"टेकवून काय मिळतं काका?"

बॅटरी पुन्हा बसवून झाली, टेकूनं नळी खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो. जिन्यात तो थांबला आणि म्हणाला, "बाई, ती मला विचारते टेकवून काय मिळतं." जणू तिनं विचारलं होतं, श्वास घेऊन काय मिळतं.

तो कामाला लागला तो मात्र डोळ्यांत तेल घालून. नळी आणि काच यांच्यामध्ये पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून घेतली, म्हणजे ऊन बॅटरीवर येणार नाही. पडद्याच्या काठात लोखंडी सळई होती ती काढून हलकी लाकडी घातली. पडदा ज्यातून सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या खाचा मऊ कापडानं पुसायचा, कुठं घासत असेल तर मोटरला ओझं नको. सकाळी भिंती गार असताना थोडं चार्जिंग, आणि नळीवरचा बारीक दिवा लालचा हिरवा झाला रे झाला की, काठोकाठ भरायच्या आतच, पिन बाहेर. मोटरवालीनं सांगितलेलं सगळं तो पाळत होता. एक सोडून. संध्याकाळचा पडदा तो पार खालीच आणायचा. काठ चौकटीला लागायचा, तो हात ठेवायचा, शब्द उच्चारायचा. ती शेवटची वीत त्याच्या हातून सुटेना.

आणि ती वीत परवडावी म्हणून त्यानं काय केलं? खर्च दुसरीकडून कापला. "अगं, जरा कमी दाब," तो कुजबुजेला सांगायला लागला. "खरंच गरज असेल तरच. पाणी मी विचारतो ना तुला. कूस मी बदलतो ना वेळेवर." सुरुवातीला ती हसायची, अर्ध्या तोंडानं. मग दुपारी तिचा डोळा लागला की तो रिमोट फळीवर ठेवायला लागला, म्हणजे झोपेत चुकून दाबला जाऊ नये. मला ते पटत नव्हतं, पण नवराबायकोच्या मध्ये कशाला तोंड घाला म्हणून मी गप्प राहिले.

एका दुपारी वर गेले तर खोलीत ऊन भरून राहिलेलं. पश्चिमेचं ऊन थेट पलंगावर, कुजबुजेच्या तोंडावर. डोळे बारीक झालेले, कानाकडे पाण्याचा ओघळ गेलेला. रिमोट तिच्या हातात होता, अंगठा बटणाशेजारी. दाबत नव्हती. टेकू खुर्चीवर चढून खाच पुसत होता.

"बाई, बघा!" तो खुशीत म्हणाला. "अजून हिरवा! मोटरवालीला सांगा, कोण म्हणतं म्हाताऱ्याला जमत नाही?"

"आणि हे ऊन?"

"तिनं दाबलं नाही. दाबलं असतं तर आला असता की पडदा."

"तू सांगितलंयस तिला, गरज असेल तरच. मग गरज कुणी ठरवायची?"

तो खुर्चीवरून उतरला. इतकं चिडलेलं मी त्याला व्यवस्थापकांसमोरही पाहिलं नव्हतं. "संपली तर काय करू मी? सांगा ना! त्या दिवशी बघितलंत ना तुम्ही? पाय वळत होता आणि आपण दोघं गाढवासारखे पाणी पाणी करत होतो. बॅटरी गेली की ती मुकी होईल, बाई!"

"आत्ता काय बोलतेय ती?"

त्यानं वळून पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. अंगठा सरळ. ज्या बाईनं आयुष्यात एकही खूण चुकवली नाही, तिनं खूण देणंच बंद केलं होतं, आणि हा चार दिवस हिरव्या दिव्याचं कौतुक करत होता. त्याच्या लक्षात आलेलं मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. ते एकदम खाली आले.

त्यानं रिमोट घेतला नाही. खिडकीपाशी गेला, उन्हाकडे पाठ करून उभा राहिला आणि दोन्ही हात चौकटीला धरले. त्याची रुंद सावली पलंगावर पडली, तिच्या तोंडावर आली. ऊन सरकलं तसा तोही सरकत गेला, इंच इंच. मी बोलावलं, बस म्हटलं, ऐकलं नाही. ऊन समोरच्या गच्चीमागे उतरेपर्यंत तो तसाच उभा होता, घामानं निथळत. तिची नजर त्याच्यावरून हलली नाही.

मग त्यानं टाचणी मागितली. नळीच्या टोकाला एक भोक असतं, त्यात टाचणी खुपसून पडदा कुठं थांबायचा ते ठरवता येतं. जन्मभर पडदे लावलेला माणूस, त्याला ते ठाऊक होतं. काठ चौकटीवर टेकायच्या आधी, बरोबर एक वीत वर, त्यानं हद्द बांधली. वीत मोजायला स्वतःचाच पंजा लावला. रिमोट तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आता तुला हवा तितका हलव. मी काही म्हणणार नाही."

तिनं लगेच बटण दाबलं. पडदा घरघरत आला आणि वीतभर वर थांबला. खालच्या फटीतून समोरची गच्ची दिसत होती, वाळत घातलेली चादर, पाण्याची टाकी. टेकूच्या घशातून दुखल्यासारखा आवाज आला. त्याचा हात त्या फटीकडे गेला आणि मागे आला. आणि कुजबूज हसली. अर्धंच तोंड, पण विंगेत नटाची फजिती बघून हसायची तेच हसू.

"हस, हस," टेकू म्हणाला. "उघडं पाडलंस मला."

पडदा थोडा वर गेला, थोडा खाली आला. "पाणी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्यानंतर ती भरभरून बोलली. मावसभावाला दोनदा हाकललं. मला एकदा हाकललं, मी नायकाची तीच गोष्ट पुन्हा सांगत होते म्हणून. बॅटरी टिकली. मोटरवाली स्वतः येऊन बघून गेली आणि म्हणाली, "काका, आता ही तुमच्याआधी जात नाही." विनोदानं म्हणाली बिचारी. टेकूही हसला.

बॅटरी टिकली, माणूस खचत गेलं. थंडीत कुजबुजेचं खाणं कमी झालं, मग अंगठ्यातला जोर. रिमोट हातातून घसरायचा म्हणून टेकूनं त्याला जुन्या मखमलीचा तुकडा गुंडाळला. गडद लाल. मी ओळखला तो तुकडा. आमच्या पडद्याचा काठ होता. गोदामवाल्यांनी पडदा फाडून नेला तेव्हा त्यानं कुठून तरी मिळवून ठेवला असणार.

शेवटची संध्याकाळ काही वेगळी नव्हती. मी तिथंच होते, शालीचा सुटलेला धागा ओढत. टेकू कप विसळत होता. घरघर झाली, पडदा खाली यायला लागला आणि मध्यावर थांबला. "कूस," मी म्हटलं. टेकू हात पुसत आला. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, तिला हलकेच खिडकीकडे वळवलं. पाठीला उशी लावली. "बरं वाटतंय?" असं विचारून तो पडद्याकडे बघत उभा राहिला. पडदा तिथंच. आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मग तो वाकला, तिच्या नाकापाशी हात धरला, आणि पलंगाच्या कडेवर बसला.

माणसं आली, गेली. मोटरवाली आली आणि दारातच उभी राहून रडली. पुतणी मिळेल त्या गाडीनं आली. लोकांची वर्दळ, समोरच्या गच्चीवरून कुणी डोकावतंय, म्हणून ती म्हणाली, "काका, पडदा सोडू का जरा?"

"हात लावू नकोस," टेकू म्हणाला. इतक्या मोठ्यानं की पुतणीनं हात मागे घेतला.

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. मी त्याच्याजवळ गेले. "टेकू," मी हळूच म्हटलं, "सोड आता. तुझ्या हातानं सोड. टाचणीनं हद्द काढ आणि पार खालपर्यंत आण. तिला चालेल."

त्यानं मान हलवली. "खूण कुठं आलीय, बाई?" तो म्हणाला. "मधे थांबव म्हणाली, कूस बदल म्हणाली. पाड म्हणाली नाही. मी कधी आपल्या मनानं पाडलाय का?"

मी त्या विंगेसमोर उभी राहिलेली बाई आहे. मला त्याचं उत्तर ठाऊक होतं.

तेव्हापासून तो पडदा तिथंच आहे, मध्यावर. दुपारचं ऊन खालून आत येतं आणि रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी पडतं. टेकू खिडकीच्या डाव्या बाजूला तिपाईवर बसलेला असतो. रिमोट उशीपाशी, मखमलीत गुंडाळलेला. न वापरलेली बॅटरीही आपोआप हळूहळू उतरते, असं मोटरवालीनं सांगितलंय, म्हणून अधूनमधून सकाळी गार असताना तो पिन लावतो. काठोकाठ भरत नाही. खाचा पुसतो. पांढरी पट्टी उतरवून धुतो आणि परत लावतो.

मी अजून रोज वर जाते. नायकाची गोष्ट सांगते, कुणी हाकलत नाही. काल निघताना त्यानं मला थांबवलं. त्याची नजर हल्ली अधू झाली आहे.

"बाई, तेवढा दिवा बघता का? मला रंग नीट कळत नाही आता."

मी चवड्यांवर उभी राहिले, नळीवरचं बटण दाबून दिवा लावून पाहिला.

"हिरवा आहे," मी म्हटलं.

त्यानं मान डोलवली आणि पुन्हा उशीकडे बघत बसला.